काटा

वेंगुर्ल्याच्या खाडीकडे पाठ करून आमची शेड.
चोवीस शेळ्या, चोवीस बिल्ले,
वीज गेली की मासळीबाजारातल्या बर्फावर
तग धरणारा एक फ्रीज,
आणि औषधांचं दोन चाव्यांचं कपाट:
एक चावी माझ्या गळ्यात,
दुसरी बाबी तारींच्या करदोट्याला.

तारी पूर्वी खाडीवर होडी चालवायचे.
पूल झाला.
होडी वाळूत उपडी पडली, माणूस इकडे आला
फणसाचा पाला घालायला, लेंड्या झाडायला.

कागदावर ती बावीस नंबर.
तारी तिला तांबोशी म्हणतात, रंगावरून.
मी म्हटलं होतं, चाचणीतल्या जनावरांना नावं ठेवू नका,
पुढे जड जातं.
"नाव नाय तर हाक कशी मारूची?"

त्या दिवशी तिच्या यकृताचा तुकडा घ्यायचा होता,
तांदळाच्या दाण्याएवढा.
त्याआधी गुंगी.
बाटलीवर घोड्याचं चित्र.
घोडा ज्यावर जेमतेम डुलतो
त्याच्या दहाव्या हिश्शात शेळी आडवी होते.
आमच्या बाईंनी वर्गात फळ्यावर दशांशाचं टिंब काढलं होतं,
भाकरीएवढं.
म्हणाल्या, हे विसरलात तर,
आणि वाक्य अर्ध्यावर टाकून डस्टर उचललं.

काट्यावर सतरा किलो दोनशे.
मी गुणाकार केला, पुन्हा केला,
औषध पातळ करून बारीक सिरिंजमध्ये ओढलं.

"किती इला?"
सतरा.
"खंय सतरा! चवदा आसा ती. फार तर साडेचवदा."
काटा सांगतोय ना, तारी.
"काटो सांगता. हात वेगळाच सांगतत."
तीस वर्षं त्यांनी माणसं बसवली होडीत,
जड मधे, हलकं टोकाला.
ज्याचा अंदाज चुकला
त्याला खाडीनं जाब विचारला.

सिरिंजवर टोपण लावलं.
चिडूनच पाण्याच्या पाच बाटल्या भरल्या, एकेक लिटरच्या,
पाण्याचं वजन तरी खारी हवा बदलू शकत नाही.
ठेवल्या काट्यावर.
सहा.

रिकामा असताना तो रोज शून्यावर यायचा.
मी रोज शून्य तपासायचे, खूण करायचे, सही.
शून्य खरं होतं.
पुढचं सगळं स्प्रिंगमधल्या गंजानं लिहिलेलं.

तीन किलोंचा फरक.
कदाचित काही झालंही नसतं.
कदाचित, या शब्दाला आमच्या नोंदवहीत रकाना नाही.

पण मागचे नऊ आठवडे?
जंताच्या औषधाचा प्रत्येक डोस,
चोवीस शेळ्यांचा, याच काट्यावर बेतलेला.
रात्री कंदिलाशेजारी बसून पानं उलटली,
प्रत्येक पानावर माझी सही,
वळणदार, निर्धास्त.
अंगावर काटा आला, तोही खरा.
लाल शाईनं लिहिलं: वजनं अविश्वसनीय. कारण: मी.
समितीला पत्र लिहिलं.
तारी म्हणाले, काट्याचा नाव घाला की, तुमचा कशाक?
काट्याला सही येत नाही, मी म्हटलं.

समितीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले.
मग जेटीवरून लिलावाचा काटा उसना आणला.
बांगड्याचा वास. तांबोशी दोनदा शिंकली.
आधी पाच बाटल्या: पाच.
मग ती: चौदा किलो तीनशे.
तारींनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मुद्दाम पाला निवडत राहिले.

नवा गुणाकार, नवं टिंब.
ती गुडघ्यांवर खचली, मग छातीवर.
तारींनी मान मांडीवर घेतली,
लाळ बाहेर गळू दे म्हणून तोंड थोडं खाली.
मी डावी कूस पाहत होते, फुगते का,
आणि श्वास मोजत होते, बोटांवर, ओठांवर.

तुकडा निघाला. टाका पडला.
मग ती वाट बघायची वेळ,
जिला कुठल्या पुस्तकात किलोमागे हिशेब नाही.

"तांबोशे," तारी म्हणाले. "गो, तांबोशे."

एक कान हलला.

मी नोंद केली: उठली, अकरा चाळीस.
आणि शेरा या रकान्यात:
हाक मारल्यावर.